हळद लागलेलं पान

कॉफीच्या मुलखात जाऊन आयुष्यातली सर्वांत भिकार कॉफी आम्ही प्यायलो, त्याला आता पंधरा वर्षं होऊन गेली. कोलंबियातल्या आर्मेनिया शहराचा बसस्टँड, पहाटेचे साडेपाच, 2009 चा डिसेंबर. एका बाईनं हातगाडीवर ओळीनं थर्मास मांडले होते. तिनं चार इवल्याशा प्लास्टिकच्या पेल्यांत तपकिरी पाणी ओतलं आणि ‘तिंतो’ म्हणाली. पेला इतका पातळ की बोटं भाजली. साखर आधीच घातलेली, तीही सढळ हातानं. चव म्हणाल तर करपलेल्या भाकरीचा पापुद्रा गरम पाण्यात भिजवावा तशी. कोल्हापूरकरानं एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘‘ही कॉफी न्हाई, कॉफीचं तेरावं हाय.’’

आम्ही चौघं होतो. कोल्हापूरकर, नाशिककर, पुण्याची एक मैत्रीण, जिला आम्ही ‘पुणेकरीण’ म्हणायचो आणि जिला ते अजिबात आवडायचं नाही, आणि अमरावतीचा मी. अमेरिकेत एकाच विद्यापीठातून मास्टर्स केलं, ते नेमकं मंदीच्या तोंडावर संपलं. हातात आलेल्या नोकऱ्या पत्रं पाठवून परत गेल्या. घरी जायला तोंड नव्हतं आणि तिथं राहायला काम नव्हतं. मधल्या तीन आठवड्यांत कुठंतरी पाठीवर पिशव्या टाकून हिंडावं, एवढंच सुचलं. युरोपचा हिशेब केला आणि वही मिटली. कोलंबिया स्वस्त निघालं. ते स्वस्त का आहे, हा प्रश्न त्या वयात पडत नाही.

मला माझं एक जास्तीचं कारण होतं. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती आमच्या चिखलदऱ्याला. चौथीच्या सहलीत गुरुजींनी एक झुडूप दाखवून ‘‘ही कॉफी’’ म्हटलं होतं, आणि आम्ही चाळीस पोरांनी ती लाल फळं चोखून थुंकली होती. बी एवढीशी, गर नावाला. ह्या फळासाठी माणसं समुद्र ओलांडतात, हे तेव्हा पटलं नव्हतं. ते पटवून घ्यायचं होतं.

घरी सांगताना ‘कोलंबिया’ म्हटलं. घरच्यांना ते न्यूयॉर्कचं विद्यापीठ वाटलं. आम्ही खुलासा केला नाही.

खुलासा केला असता तर कोणी जाऊ दिलं नसतं. गनिमी टोळ्या, अपहरणं, कोकेनचे धंदे हीच त्या देशाची ओळख होती. बिचारं सरकार जाहिरात करत होतं की इथं एकच धोका आहे, इथंच राहावंसं वाटण्याचा. वाचून पुणेकरीण म्हणाली, ‘‘धोका हा शब्दच वापरायला नको होता.’’

बोगोताहून आर्मेनिया तीनशे किलोमीटरसुद्धा नाही. पण मधे अँडीजची मधली रांग आडवी येते आणि ती ओलांडायची ती ‘ला लिनेआ’ नावाच्या घाटातून, सुमारे तेहतीसशे मीटरवरून. रात्रभर आमची बस एका ट्रेलरच्या मागे होती. वळणावर ट्रेलर दोन्ही बाजूंचा रस्ता घ्यायचा, समोरची रहदारी थांबायची, कुणी पोरगा बॅटरी हलवून इशारा करायचा. खंबाटकी आणि वरंधा एकावर एक ठेवले तर असं काही होईल. नाशिककर खिडकीला डोकं लावून रामरक्षा म्हणत होता आणि मधेच ‘‘चांदणं काय सुंदर आहे रे’’ म्हणत होता. दहा तासांनी उतरलो तेव्हा तो तिंतो हातात आला.

ती कॉफी तशी का, ते पुढे हळूहळू कळलं. आपल्याकडे कोकणात पेटीतला हापूस मुंबईला जातो आणि डागाळलेला घरच्या पोरांच्या वाट्याला येतो. इथं सगळ्या देशाचा तोच न्याय होता. निवडक दाणा बोटीनं बाहेर. चाळणीत उरलेला, किडीनं पोखरलेला, काळा पडलेला देशात. तो कडक भाजायचा, साखर घालायची, थर्मासमध्ये भरायचा. जगातली नावाजलेली कॉफी पिकवणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिचा कोंडा पीत होती, आणि वर हसून म्हणत होती, ‘‘कोन मूचो गुस्तो’’, मोठ्या आनंदानं. तिथं आभाराला हेच उत्तर देतात.

*

आर्मेनियाहून सालेंतो. चौकात जुन्या विलीज जीप उभ्या होत्या, दुसऱ्या महायुद्धातल्या घडणीच्या, लाल, हिरव्या, पिवळ्या. डोंगरातल्या शेतकऱ्यांनी त्यांना खेचराच्या जागी बसवलं, त्यालाही आता पाऊण शतक झालं. कॉफीची पोती, केळ्यांचे घड, खाटा, कोंबड्या आणि वरून माणसं, असं सगळं एका जीपवर रचतात. त्या रचनेला ‘यिपाओ’ असं नाव आहे आणि जत्रेत तिच्या मिरवणुकाही निघतात. आमच्या जीपमध्ये आत अकरा, मागच्या फळीवर उभे पाच. कोल्हापूरकराचा चेहरा उजळला. ‘‘आरं, हे तर वडाप!’’ महिंद्रांनी मुंबईत गाड्यांचा धंदा सुरू केला तो ह्याच विलीज जीप जोडून, हेही त्यानं फळीवर लोंबकळत ऐकवलं. मागं उभं राहायला मिळालं म्हणून तो ड्रायव्हरला जास्तीचे पैसे देत होता. ड्रायव्हरला कळेना की बसायला जागा नसल्याबद्दल हा पैसे का देतो आहे.

त्या संध्याकाळी गावात दिवे गेले असं आम्हाला वाटलं. दिवे गेले नव्हते. तारीख होती 7 डिसेंबर. मेरीमातेच्या सणाची ती पूर्वसंध्या, तिथला ‘वेलितास’चा, मेणबत्त्यांचा दिवस. प्रत्येक दारापुढे, पायरीवर, फूटपाथच्या कडेला मेणबत्त्यांच्या ओळी, कागदी कंदील. पोरं मेण वितळवून गोळे करत होती आणि आया ओरडत होत्या. आमच्यापैकी कुणीच त्या वर्षी दिवाळीला घरी नव्हतं. एका आजींनी आम्हाला उभं पाहून चार मेणबत्त्या हातात दिल्या आणि आपल्या पायरीवर जागा करून दिली. पुणेकरीण मेणबत्ती लावता लावता रडली. कारण विचारलं तर म्हणाली, धूर गेला डोळ्यात.

घरी फोन करायला हवा असं चौघांनाही त्याच वेळी वाटलं. रस्त्याच्या कोपऱ्यावर एक मुलगी स्टुलावर बसून ‘मिनिटं’ विकत होती. चार-पाच मोबाईल, प्रत्येकाला साखळी, पाणपोईच्या पेल्याला असते तशी. साखळी पोहोचेल तेवढ्या अंतरात उभं राहायचं, बोलायचं, मिनिटाचे पैसे द्यायचे. पण त्यावरून अमरावती लागत नव्हती. शेवटी इंटरनेटच्या दुकानातून मी ई-मेल लिहिला, कीबोर्डवर @ चं चिन्ह शोधण्यात दहा मिनिटं घालवून. ‘सर्व खुशाल. इकडे दिवाळी आहे.’ आईला तो तीन दिवसांनी शेजारच्या मुलानं वाचून दाखवला.

*

चार रात्री आम्ही एका शेतावर राहिलो. सालेंतोच्या खालच्या अंगाला, पाऊण तास उतार. बांबूचा सांगाडा आणि मातीचं लिंपण असलेलं घर, भोवती पडवी, लाल रंगवलेले कठडे, कुंड्या. घरात शेतकरीकाका, काकू आणि बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा. आई मुलाला ‘उस्तेद’ म्हणायची, म्हणजे चक्क अहो-जाहो. ‘‘अहो, नाक पुसा.’’ ‘‘अहो, खेचराला पाणी दाखवलंत का?’’ त्या भागात घरोघरी तसंच बोलतात.

पोहोचल्याबरोबर काकूंनी गरम काहीतरी दिलं. एक घोट घेऊन कोल्हापूरकर उभाच राहिला. गूळ! ‘आग्वापानेला’ म्हणजे शब्दशः गूळपाणी. भारताखालोखाल गूळ पिकतो तो कोलंबियात. त्यांचा ‘त्रापीचे’ म्हणजे आपलं गुऱ्हाळच. आलेल्या माणसापुढे आधी गूळपाणी ठेवायचं, हे दोन मुलखांना एकमेकांना न विचारता सुचलं होतं. फक्त ते त्यात चीजचा तुकडा बुडवतात, तेवढं सोडायचं.

काकूंची संध्याकाळ टीव्हीपुढे जायची. ‘बेत्ती ला फेआ’ ही मालिका 1999 ची, पण पुन्हा पुन्हा लागायची. आम्ही खाणाखुणांनी सांगितलं की आमच्या देशात हिचीच ‘जस्सी’ झाली आणि घराघरांत पाहिली गेली. काकूंना ते खरं वाटेना. पुणेकरणीनं चष्मा लावून, दातांवर चॉकलेटची चांदी लावून जस्सी करून दाखवली, तेव्हा पटलं. त्यानंतर आमच्या पानात प्रत्येक जेवणाला एक पातोकोन, केळ्याचा चेपून तळलेला काप, जास्त पडू लागला. शाकाहारी नाशिककर त्या चार दिवसांत भात, राजमा, अंडं आणि केळं ह्यांवर जगला. अंडं त्यानं तिथं सुरू केलं. घरी अजून माहीत नाही.

सकाळी कॉफी वेचायला गेलो. कमरेला प्लास्टिकची टोपली, पायाखाली असा उतार की उभं राहणं हेच काम. यंत्र तिथं चालत नाही; लालबुंद फळ तेवढं बोटांनी पिरगळून काढायचं, हिरवं राहू द्यायचं. चांगला वेचणारा भरल्या हंगामात दिवसाला शंभराच्या वर किलो वेचतो, असं ऐकलं होतं. आम्ही चौघांनी मिळून सकाळभरात अकरा किलो केले. झाडाला फळंच फार दिसत नव्हती. आम्हाला वाटलं, आपल्यालाच जमत नाही. आम्ही हसलो. काकाही हसले.

मग त्यांनी एक फांदी वाकवली, पान उलटं केलं आणि बोटानं पुसलं. बोटाला केशरी-पिवळी पूड लागली, अगदी ओल्या हळदीसारखी. काका म्हणाले, ‘‘रोजा.’’ पुन्हा म्हणाले, ‘‘रोजा, रोजा.’’ नाशिककरानं खिशातलं शब्दांचं पुस्तक काढलं. त्यात इंग्रजी ‘जे’ घातलेला एक शब्द सापडला, अर्थ ‘लाल’. बरोबर होतं की. लालसर होतीच ती पूड. पुणेकरीण म्हणाली, लग्नाला बसलेल्या झाडासारखं दिसतंय. मी कॅमेरा काढला. उन्हाकडे धरलेलं पान, त्यावरची हळद, ते धरलेला काकांचा हात, मागे धुक्यात उतरत गेलेल्या झाडांच्या रांगा. फोटो काढून झाल्यावर मी माझ्या स्पॅनिशच्या साठ्यातला एकमेव कौतुकाचा शब्द वापरला. ‘‘बोनीतो!’’ सुंदर!

काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘सी. बोनीतो.’’

त्या आधी आम्ही त्यांच्याशी घासाघीस केली होती. माणशी वीस हजार पेसो सांगितले, आम्ही पंधरावर आणले. रुपयाला चाळीसच्या वर पेसो मिळायचे, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास रुपयांत राहणं, दोन वेळचं जेवण आणि जस्सी. ही हकिकत आम्ही पुढची कितीतरी वर्षं मोठ्या अभिमानानं सांगत आलो.

*

गेल्या खेपेला, 2024 च्या डिसेंबरात, कोल्हापूरकर आणि मी पुन्हा गेलो. पुणेकरणीला सुट्टी मिळेना. नाशिककर आता पुरता शेतकरी झाला आहे; द्राक्षांच्या दिवसांत त्याला बाग सोडता येत नाही. त्यांच्या जागी कोल्हापूरकराची तेरा वर्षांची मुलगी होती. खरं म्हणजे बेत तिचाच. ‘एन्कांतो’ हा डिस्नेचा चित्रपट आला 2021 मध्ये, त्यातले ताड आणि रंगीत घरं तिला खरीखुरी बघायची होती. शाळेत स्पॅनिश शिकते, त्यामुळे आमच्या तोंडी काही कामच उरलं नव्हतं.

ह्या वेळी विमानानं सरळ पेरेइराला उतरलो. ला लिनेआच्या डोंगराला पोटातून साडेआठ किलोमीटरच्या वर बोगदा पडला आहे. 2020 च्या सप्टेंबरात तो सुरू झाला. कोल्हापूरकर म्हणाला, ‘‘घाट चुकला म्हणून वाईट वाटून घ्यायचं का?’’ मी म्हटलं, गुडघ्यांना विचार.

विलीज जीप चौकात तशाच आहेत, रंग जास्त चकचकीत. आता रांग आहे, तिकिटाची खिडकी आहे. फळीवर उभं राहायची हौस फेडायला माणसं आधीची जीप सोडून देतात, म्हणजे कोल्हापूरकर तेव्हा वेडा नव्हता, काळाच्या पुढे होता. साखळीचे मोबाईल गेले. मिनिटं विकणारी मुलगी बसायची त्या कोपऱ्यावर चार्जरच्या वायरी आणि मोबाईलची कव्हरं टांगली आहेत. मुलीला मी साखळीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘‘काका, फोन पळून जायचे का?’’

मेणबत्त्यांचा दिवस ह्या वेळी आम्ही ठरवूनच गाठला. ओळी तशाच लागल्या, पोरं मेणाचे गोळे तसेच करत होती, आया तशाच ओरडत होत्या. गर्दी इतकी की पायरीवर बसायला जागा नव्हती आणि मेणबत्ती कुणी हातात देईल अशी अपेक्षा करणंही चूक होतं; आम्ही दुकानातून पाकीट घेतलं. मुलीनं तीन मेणबत्त्या फूटपाथच्या कडेला लावल्या, व्हिडिओ कॉल लावून अमरावतीला माझ्या आईला दाखवल्या. आई म्हणाली, ‘‘वाऱ्याला आडोसा कर.’’ पंधरा वर्षांपूर्वी तीन दिवस लागलेली खुशाली आता ज्योत हलायच्या आत पोहोचत होती.

आणि कॉफी. इथं नाक मुरडायला जागाच नाही. वीस पावलांवर एक कॉफीचं दुकान. काट्यावर पूड तोलतात, बारीक चोचीच्या किटलीतून पाणी सोडतात, सेकंद मोजतात. पाकिटावर शेताचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाची जात, दाणा धुऊन वाळवला की फळासकट. पेल्याला बारा हजार पेसो पडले, म्हणजे सव्वादोनशेच्या वर रुपये. मी घोट घेतला. संत्र्याच्या सालीचा वास आणि मागून गुळाची गोडी. चिखलदऱ्याला थुंकलेल्या फळात हे सगळं दडलेलं होतं, ते कळायला मला चौथीपासून इथपर्यंत यावं लागलं. ती वाढणारा पोरगा तिथलाच, शेतकऱ्याचा. आपल्याच डोंगरातली चांगली कॉफी प्यायला मिळालेली त्या मुलखातली ही बहुधा पहिली पिढी.

तरीही आम्ही दोघं कुरकुरत होतो. दोन चाळिशीतले पुरुष जुन्या गावी परत आले की करतात तशी. गर्दी केवढी, भाव काय, तेव्हा ह्या गल्लीत कुत्रं नव्हतं. मुलगी ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘‘बाबा, तेव्हा इथं कोणी का येत नव्हतं?’’

दोघांनाही पटकन उत्तर सुचलं नाही.

*

सालेंतोजवळच्या कोकोराच्या खोऱ्यात ते उत्तर थोडं थोडं मिळालं. 2009 मध्ये आम्ही तिथं धुक्यात शिरलो होतो. हिरवं गवत, गाई, आणि गवतातून सरळ आभाळात गेलेले एकेकटे मेणताड. साठ मीटरपर्यंत वाढणारा हा जगातला सर्वांत उंच ताड. कोलंबियानं 1985 मध्ये त्याला राष्ट्रीय वृक्ष केलं. त्या एकटेपणावरच आम्ही भाळलो होतो. दिवसभरात माणूस भेटला तो एकच, खेचरं हाकणारा. झुलत्या पुलांवरून नदी ओलांडत वर गेलो, हमिंगबर्ड बघत गूळपाणी प्यायलो.

आता खाली गाड्यांचा तळ आहे. खासगी जमिनीत पाय टाकायला तिकीट, फोटोसाठी झोके आणि पाठीला लावायचे पंख. मुलीनं पंख लावून फोटो काढला, मग स्वतःच लाजली. बरोबर घेतलेल्या वाटाड्यानं तिला एक ताड दाखवला आणि ह्याचं पिल्लू शोध म्हणाला. ती वर-खाली फिरली. गवतात एकही रोप नव्हतं. ह्या ताडाच्या रोपाला लहानपणी रानाची सावली लागते. रान तोडून कुरण केलं की मोठी झाडं उभी राहतात, रोपं मात्र उन्हानं जळतात नाहीतर गाईच्या पोटात जातात. निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टनं 1801 मध्ये किंदिओची खिंड ओलांडताना पाहिली ती ह्या ताडांची रानं होती. पुढे खोडावरचं मेण खरवडून मेणबत्त्या केल्या, ईस्टरआधीच्या रविवारच्या मिरवणुकीसाठी कोवळे झाप तोडले, जंगल कापलं. आम्ही ज्याला देखणा एकटेपणा म्हणत होतो तो रिकाम्या झालेल्या वाड्याच्या ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांचा होता. ज्या फोटोला मी घरी चौकट केली आहे, त्याच फोटोतलं हे.

*

शेत शोधायला अडचण पडली नाही. आता वळणावर पाटी आहे. तेव्हाचा अहो-जाहो मुलगा अठ्ठावीस वर्षांचा झालाय. ‘सेना’ नावाच्या सरकारी प्रशिक्षण संस्थेत कॉफीची चव पारखायला शिकून तो शेतावर परतला आहे. आपला माल आपल्या नावानं विकतो. पाहुण्यांच्या खोल्या चार झाल्या आहेत. काकू तशाच, केस पांढरे. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. कोल्हापूरकरानं डोळ्यांपुढे बोटांचा चष्मा धरून दात दाखवले, तेव्हा ‘‘बेत्ती!’’ म्हणून हात धरले. गूळपाणी आलं. काकांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

मुलानं शेत दाखवलं. त्या आठवड्यात न्यूयॉर्कच्या बाजारात कॉफीच्या भावानं 1977 चा उच्चांक मोडला होता. पौंडाला साडेतीन डॉलरच्या आसपास. आम्ही अभिनंदन केलं. तो म्हणाला, भाव आहे पण वेचणारे हात नाहीत. पोरं शहरात गेली. समोरच्या उतारावर शेजाऱ्यानं कॉफी काढून अव्होकाडो लावला आहे. आणि हा भाव तरी आमच्या गुणांनी थोडाच आला? ब्राझीलमध्ये पाऊस झाला नाही, म्हणून आला. 1977 चा भावसुद्धा ब्राझीलमधल्या बागा हिमानं गेल्या म्हणूनच आला होता. आजोबा सांगायचे, त्या पैशातून हे घर रंगवलं. एकाचं हिम, दुसऱ्याचा रंग.

पडवीत बसून मी फोनमधले जुने फोटो काढले. वेलितासच्या मेणबत्त्या, वडाप, खेचर. मग ते पान आलं. काय छान आलंय बघा, म्हणून मी फोन पुढे केला.

मुलानं पाहिलं आणि म्हणाला, ‘‘रोजा.’’

मुलगी म्हणाली, ‘‘काका, ‘रोखा’ म्हणजे लाल. हा ‘रोया’ म्हणतोय, इकडे त्याचा उच्चार असा करतात. रोया म्हणजे…’’ तिनं फोनवर शब्द घातला. त्यावर आलेलं चित्र माझ्या फोटोसारखंच होतं.

रोया म्हणजे तांबेरा. गव्हावर पडतो त्याचा भाऊबंद. एकोणिसाव्या शतकात सिलोनची कॉफी ज्यानं संपवली, तोच. कोलंबियात तो 1983 ला पोहोचला, आणि 2008 पासून पावसानं उसंत दिली नाही तेव्हा डोंगरच्या डोंगर खाऊन गेला. देशाचं पीक कोटी-सव्वा कोटी पोत्यांच्या आसपास असायचं. 2009 मध्ये ते 78 लाखांवर आलं. झाडाला फळं दिसत नव्हती, ती आमच्या अनाडीपणामुळे नव्हे. काकांच्या बागेत होती ती ‘कातुर्रा’ जात, चवीला उत्तम, तांबेऱ्यापुढे हतबल. त्या पानानंतर दोन वर्षांत सगळी झाडं मुळापासून काढली. ‘कास्तियो’ नावाची तग धरणारी जात लावली. ती फळाला येईपर्यंतचा काळ कसा काढला, ते मुलानं सांगितलं नाही. काकूंकडे बघितलं नुसतं. आणि खोल्या? त्या वर्षी पहिल्यांदाच पाहुणे ठेवायला घेतले होते. आम्ही पहिले. वीस हजार सांगायला काका आदल्या रात्री घाबरत होते, जास्त तर होत नाहीत ना म्हणून.

कोल्हापूरकर कठड्याकडे तोंड करून उभा राहिला.

मी फोटो चौघांच्या ग्रुपवर टाकला आणि रोया म्हणजे काय ते लिहिलं. नाशिककराचा निरोप लगेच आला. ‘लिहायला नको होतं रे. आता बघितल्याबरोबर कळतं. बागेत डावणी दिसली की मी रात्रभर झोपत नाही. आणि त्या माणसाला मी पुस्तकात बघून लाल रंग सांगत होतो.’ पुणेकरणीनं काहीच लिहिलं नाही. थोड्या वेळानं तिनं ग्रुपचं चित्र काढून टाकलं. ते लग्नाला बसलेलं झाडच होतं.

काकूंनी फोन मागितला. माफी कशी मागायची ते मी मुलीला विचारत होतो. तिथं ‘के पेना’ म्हणतात, लाज वाटते, असं. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, सरकवला, पुन्हा मोठा केला. पान पडद्याबाहेर गेलं, हळद गेली, धुक्यातल्या रांगा गेल्या. मधोमध काकांचा अंगठा उरला, नखाला मातीची रेघ, बाजूला वेढ्यासारखा एक जुना व्रण.

मुलीला त्या काहीतरी म्हणाल्या. ती माझ्याकडे वळली.

‘‘त्या विचारतायत, अहो, एवढा हातच पाठवता येईल का?’’